लोकांना विचारायचं, पण कधी?

‘सगळ्यांना विचारत बसलं तर जमिनीचा एकही निर्णय मार्गी लागणार नाही’ असं बरेचदा म्हटलं जातं, पण ते मला पटत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभा बहुमतावर नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. वेळ लागतो, हे खरंच. पण २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. पुढे बांबूच्या वाहतूक परवान्यासाठीही गाव अडून बसलं, आणि २०११मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. कधी, किती बांबू तोडायचा हे आता गाव ठरवतं. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचंही तेच. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी तिथल्या बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला.

खरी अडचण विचारण्याची नाही, कधी विचारता याची आहे. जमिनीचा आराखडा पक्का झाल्यावर हरकती मागवायच्या, नोटीस कार्यालयातल्या फळ्यावर लावायची, सभा ऐन पेरणीत ठेवायची, याला सहभाग म्हणवत नाही. आणि गायरानाबद्दल बोलताना गुरं चारणाऱ्याला, सरपण आणणाऱ्या बाईला बोलवा की! रोजचा वापर त्यांचाच असतो, सातबाऱ्यावर त्यांचं नाव मात्र नसतं. आपल्याकडे जमिनीबद्दल अशी नोटीस निघाली असेल तर मुदत संपायच्या आत हरकत लेखीच द्या आणि पोच घ्या.