आईसाठी तेल कुठलं, मीठ कुठलं? (दोन्ही मिळून महिना १५०० पर्यंत)

वर्तकनगरचा_बंड्या (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. घरात चार माणसं, आम्ही दोघं, मुलगा आणि आई (वय ६३). ऑफिसच्या कूपनवर फुकट होतं म्हणून आईचं परवा बॉडी चेकअप केलं तर टोटल कोलेस्टेरॉल २४८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८, एचडीएल (चांगलं) ४४, ट्रायग्लिसराइड १८०. शुगर नॉर्मल, बीपीची गोळी ५ वर्षं चालू आहे. तेल शेंगदाण्याचं, जांभळी नाक्यावरनं ५ लिटरचा डबा आणतो, महिनाभर जेमतेम पुरतो. मीठ म्हणाल तर दीड वर्षापूर्वी बायकोच्या मावशीने सांगितलं म्हणून साधं बंद करून अख्खं घर सैंधववर आलंय. आता तेल कुठलं घेऊ आणि मीठ कुठलं ठेवू? बजेट वर लिहिलंय, आत्ताच मुलाची फी भरलीये, त्याच्या वर नको प्लीज. डॉक्टर पुढच्या आठवड्यात आहेत.

घाणा_फॅन
लाकडी घाण्याचं घ्या. विषय संपला. आमच्या इथे घोडबंदरला डोळ्यासमोर काढून देतात, मी करडई, तीळ आणि शेंगदाणा असे तीन आणून ठेवतो आणि आलटून पालटून वापरतो. महिन्याला तीनेक हजार जातात, पण तब्येतीपुढे पैसा बघू नये.

वर्तकनगरचा_बंड्या
दादा, बजेट १५०० लिहिलंय ओ.

नौपाड्याची_काकू
तेलबिल सगळं सोडा आणि घरचं साजूक तूप खा. आमच्या सासूबाई ९१ व्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत भाताच्या मुदीवर तुपाची धार लागायची, रिपोर्ट म्हणजे काय ते माहीत नव्हतं त्यांना. कोलेस्टेरॉल वगैरे हे सगळं औषधं खपवायला काढलेलं आहे.

खवचट_खान्देशी
काकू, तुमच्या सासूबाई विहिरीचं पाणी शेंदायच्या, आपण पहिल्या मजल्यावर लिफ्टने जातो. हलके घ्या.

नेरूळचा_निवृत्त
माझा अनुभव सांगतो, मग काय ते ठरवा. २०१९ ला मला स्टेंट पडला. त्याच्या आधी तीन वर्षं घरात खोबरेलात स्वयंपाक, कारण बाटलीवर मोठ्या अक्षरात 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं. आयसीयूतनं बाहेर आल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की काका, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं, ते प्राण्यांच्या पदार्थात असतं, त्यामुळे त्या लेबलला काही अर्थ नाही. बघायचं ते सॅच्युरेटेड फॅट, त्याने यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं. खोबरेलात ते ८५-९० टक्के, तुपात ६० च्या वर, पाम तेलात निम्मं, शेंगदाण्यात २० च्या आतबाहेर, करडई-सूर्यफुलात त्याहून कमी. आता खोबरेलानेच झालं असं मी म्हणत नाही, ३० वर्षं सिगारेट होती आणि रोज चहाबरोबर चार खाऱ्या. खारीत डालडा, म्हणजे ट्रान्स फॅट. २०२२ पासून सरकारने ट्रान्स फॅट २ टक्क्यांवर आणलंय, पण माझ्या खाऱ्या त्याच्या आधीच्या सगळ्या. आता रोज पहाटे ज्वेलच्या बागेत चार फेऱ्या मारतो, अजून कोणी येत असेल तर खाजगी निरोप करा, एकटं बोअर होतं.

मालवणी_मसाला
खोबऱ्याक नावं ठेवू नकात. आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या खोबरं खातत.

नेरूळचा_निवृत्त
अहो मी पण देवगडचाच आहे! वाटणात ओलं खोबरं खाणं वेगळं, फोडणी-तळण सगळंच खोबरेलात वेगळं.

बांगडा_दिवाळे
मासे खातात का आई? आमच्या दिवाळे कोळीवाड्यात सकाळी ताजा बांगडा मिळतो. ओमेगा ३ आणि आयोडीन दोन्ही त्यातच, कॅप्सूल कशाला घ्यायच्या? फक्त तळू नका, तिकलं करा. जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बर्फाचा माल गळ्यात मारतात, तेवढं सांभाळा.

नौपाड्याची_काकू
आणि कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं ते कोण सांगणार? तुपाला मात्र सगळे बोलतात.

बांगडा_दिवाळे
असतं की, नाही कोण म्हणालं. पण खाल्लेल्या कोलेस्टेरॉलने रक्तातलं बहुतेकांचं तेवढं वाढत नाही, जेवढं तूप-लोणी-पामतेलाने वाढतं. अंड्याचंही तेच. फक्त कोळंबी बटर गार्लिक करून खायची आणि मग कोळंबीला शिव्या द्यायच्या असं नको.

ओट्सग्रस्त
बायकोने मला आठ महिने सकाळी ओट्स खायला लावले. भिंतीला पोस्टर चिकटवायची खळ असते ना, तेच. एलडीएल १५२ चं १४१ झालं, मी अजून नाराजच आहे, एवढ्या खळीला निदान १०० तरी यायला हवं होतं. रोज ३ ग्रॅम बीटा ग्लुकान (ओट्समधला विरघळणारा तंतू) पोटात गेलं पाहिजे म्हणे, म्हणजे ७०-७५ ग्रॅम कोरडे ओट्स. आता मी जवसाची चटणी, रात्री इसबगोल आणि आठवड्यातनं तीनदा कडधान्य यावर आलोय. वालाचं बिरडं ओट्सपेक्षा कधीही बरं.

वर्तकनगरचा_बंड्या
सगळ्यांचे आभार. आई मासे खाते, सोमवार-गुरुवार सोडून. फेऱ्या मारायचं म्हणाल तर उपवन तलावावर जायची रोज, पण गेले पाच-सहा महिने पार मलूल झालीये, दोन जिने चढली की बसते. वजन वाढलंय, खाणं तर तेवढंच. आणि गंमत म्हणजे मे महिन्यात आम्ही घामाने निथळतोय आणि ही पंखा बंद करा म्हणून शाल घेऊन बसलेली. वय झालं असेल.

घाणा_फॅन
रिफाइंड तेलाने होतं असं. घाण्याचं चालू करा, महिन्याभरात पळायला लागतील.

पॅथलॅबवाली
बंड्यादादा, तेल राहू दे बाजूला, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) केलंय का? थंडी वाजणं, वजन, थकवा, सोबत एलडीएल वाढलेलं, हे वाचून पहिली शंका थायरॉईडची येते. थायरॉईड मंदावलं की यकृतावरचे एलडीएल उचलणारे रिसेप्टर कमी होतात आणि ते रक्तातच साठतं, मग तुम्ही कुठलंही तेल आणा. आमच्याकडे लोक वर्षवर्ष डायट करून दमतात आणि नंतर टीएसएच कोणीतरी लिहून देतं. दुसरं म्हणजे तुमचं सैंधव. पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का बघा. नसेल तर त्यात आयोडीन नावालाच असतं.

वर्तकनगरचा_बंड्या
ताई पाकीट बघितलं. ८४ खनिजं लिहिलंय, आयोडीनचं काही नाही. चेकअपमध्ये थायरॉईड नव्हतं, त्याचे वेगळे पैसे होते म्हणून सोडलं 🤦

पॅथलॅबवाली
रोज १५० मायक्रोग्रॅम लागतं मोठ्या माणसाला. आयोडीनच्या मिठात दुकानात पोचेपर्यंत निदान १५ पीपीएम असावं असा नियम आहे, म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. बरणी गॅसशेजारी उघडी ठेवली तर उडतं, झाकण लावून लांब ठेवा.

खवचट_खान्देशी
म्हणजे १५० साठी १० ग्रॅम मीठ खायचं? आणि बीपीवाल्याला तर ५ च्या आत सांगतात. घ्या, आता कोणाचं ऐकायचं.

पॅथलॅबवाली
१५ ही खालची मर्यादा झाली हो, कारखान्यातनं निघताना त्याहून जास्त असतं. शिवाय दूध, दही, अंडी, समुद्राचे मासे यातनंही मिळतं. मीठ कमीच खायचं, पण जे खाल ते आयोडीनचं. आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या वगैरे मनाने चालू करू नका, आयोडीन जास्त झालं तरी थायरॉईड बिघडतं.

जुना_ठाणेकर
मिठाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बिनआयोडीनचं खायचं मीठ विकायला १९९८ मध्ये बंदी आली, २००० मध्ये उठवली, २००६ मध्ये परत आणली. तेव्हा आमच्या सोसायटीत दोन गट पडले होते, एक म्हणे गांधीजींनी मीठ उचललं ते यासाठी का. दुसऱ्या गटातल्या जोशींच्या (नाव बदललंय) आत्याला आयोडीन कमी पडून गलगंड होता, हे एवढं आवाळू, त्यांनी एका वाक्यात सभा संपवली. तर सांगायचं काय की सैंधव उपासाला ठेवा.

फिटनेस_फंडा
बीपी आहे ना? मग कमी सोडियमवालं मीठ घ्या, मी तेच वापरतो. १८० ला किलो.

पॅथलॅबवाली
अहो थांबा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम चढतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

कळवा_कारशेड
५ लिटर तेल चार माणसांत??? आम्हाला माणशी महिना अर्धा लिटर सांगितलंय, म्हणजे तुम्हाला २ लिटर. ब्रँड शोधण्यापेक्षा डबा छोटा घ्या, बजेटपण बसेल.

घाणा_फॅन
घाण्याचं तेल आमच्याकडे तरी कमीच लागतं.

सकाळी_आलो_आत्ता
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण एकदा थायरॉईड पण चेक करून घ्या असं वाटतं.

वर्तकनगरचा_बंड्या
अपडेट देतो, १२ दिवस झाले. टीएसएच १८ आलं, म्हणजे थायरॉईड मंदावलंय. डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी चालू केली, कोलेस्टेरॉलची आत्ता नाही, दोन महिन्यांनी दोन्ही परत करून बघू म्हणाले. सैंधवामुळे झालं का विचारलं तर म्हणाले असं ठाम सांगता येत नाही, बऱ्याचदा थायरॉईडवरच उलटणाऱ्या अँटीबॉडी शरीरात असतात, ती टेस्ट लिहून दिलीये. मीठ मात्र आयोडीनचंच खा म्हणाले. मावशींना अजून सांगितलेलं नाही, बायको म्हणते तू सांग, मी म्हणतो तुझी मावशी.
तेलाचं असं झालं की आईने घाण्याचं, करडईचं, राइस ब्रॅन सगळं उडवून लावलं, जांभळी नाक्याचंच हवं, दुसऱ्याचा वास येतो म्हणे. मग तेच आणलं, ५ चा डबाच, सवयीने. आणि रविवारी सेल होता तर एअर फ्रायर घेतला, ५९९९, हप्त्यावर.

कळवा_कारशेड
१५०० बजेट होतं ना रे?????

नौपाड्याची_काकू
तेवढ्यात किती तूप आलं असतं!

पॅथलॅबवाली
गोळी उपाशीपोटी फक्त पाण्याबरोबर, नंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही. कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांनी. माझी सख्खी आत्या वर्षभर चहाबरोबर घेत होती आणि टीएसएच हलत नाही म्हणून लॅबशी भांडत होती.

वर्तकनगरचा_बंड्या
अरे देवा. आई चहाबरोबरच घेतेय.

बांगडा_दिवाळे
एअर फ्रायरमध्ये बोंबील करू नका, जाळीला चिकटतात. बांगड्याला चिरा पाडून आत मसाला भरा, मस्त होतो.

नवीन_पाहुणा
छान धागा. शेवटी तेल कुठलं चांगलं?