स्लोव्हेनियाचे आयात-निर्यात आकडे: स्वित्झर्लंडच्या ओळीचा ताळा लागत नाही

तक्तेवाचक:
स्लोव्हेनियाच्या मालव्यापाराची २०१५ ते २०२३ अशी मासिक मालिका बांधायची आहे. कच्चा डेटा युरोस्टॅटच्या (युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय) कॉमेक्स्ट या व्यापार-डेटाबेसमधला, एकगठ्ठा फायली उतरवून घेतलेल्या. पडताळणीसाठी स्लोव्हेनियाच्या सांख्यिकी कार्यालयाचा सिस्टॅट डेटाबेस. तीन अडचणी आहेत.

एक, देशाची एकूण निर्यात सिस्टॅटच्या जवळपास दुप्पट येते. दोन, स्वित्झर्लंड आधी बराच मागे होता, तो अलीकडच्या वर्षांत थेट जर्मनीच्या बरोबरीने दिसतो. आयातीतही आणि निर्यातीतही, आणि दोन्हीकडे मालाच्या वर्गीकरणातले तेच प्रकरण ३०, म्हणजे औषधे. एकाच देशाकडून औषधे घ्यायची आणि त्यालाच औषधे विकायची, हे कसे? तीन, स्विस कस्टम्सचे आकडे याच्याशी जुळत नाहीत आणि मध्यवर्ती बँकेच्या व्यवहारतोलातली (बॅलन्स ऑफ पेमेंट्स) मालाची शिल्लकही वेगळी आहे. यातला कोणता आकडा खरा धरायचा?

बेरीजवजाबाकी:
पहिल्या अडचणीचे उत्तर सोपे आहे. त्या फायलींत मालाच्या आठ अंकी कोडच्या (पहिले दोन अंक म्हणजे प्रकरण) ओळींबरोबर प्रत्येक भागीदार देशासाठी 'टोटल' नावाची ओळही असते. गाळणी न लावता बेरीज केली की सगळे दोनदा मोजले जाते. शिवाय महिन्याच्या जागी ५२ असलेली फाइल वार्षिक असते. ती बारा महिन्यांत मिसळली असेल तर अजून एक पट वाढेल.

'टोटल' ओळी टाकून मात्र देऊ नका, बाजूला ठेवा. दर महिन्याला आठ अंकी कोडची बेरीज त्यांच्याशी लावून पाहा. फरक शून्य आला पाहिजे. आला नाही तर बहुतेक वेळा चूक फाइल वाचताना झालेली असते. मालाच्या कोडचा स्तंभ संख्या म्हणून वाचला तर प्रकरण ०१ ते ०९ चे सुरुवातीचे शून्य उडते आणि कोड सात अंकी होतात. त्याहून वाईट म्हणजे गोपनीय मालाच्या कोडमध्ये अक्षरे असतात, त्या ओळी रिकाम्या होऊन गळतात. छोट्या देशात एखाद्या मालाचे दोन-तीनच व्यापारी असतात, त्यामुळे गोपनीयतेखाली जाणारा भाग नगण्य समजू नये. हा स्तंभ नेहमी मजकूर म्हणूनच वाचा.

भागीदार देशांतही पाहा. 'क्यू'ने सुरू होणारे कोड देश नव्हेत. जहाज-विमानांचा साठा, न सांगितलेले देश असे त्यांत येते. ते वगळले की देशांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही. २०२१ पासून उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून वेगळा दाखवतात, मालिका सलग हवी असेल तर दोन्ही एकत्र करा.

मालहालचाल:
दुसरी अडचण हीच खरी मेख आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मालव्यापाराचे आकडे मालाने सीमा ओलांडली की नोंदले जातात. मालक बदलला की नाही, याच्याशी त्यांना देणेघेणे नाही. परदेशी कंपनीचे औषध स्लोव्हेनियात आले, तिथे पुढची प्रक्रिया किंवा पॅकिंग झाले आणि परत गेले, तर आपल्याकडच्या भाषेत हे जॉबवर्क. माल शेवटपर्यंत परदेशी कंपनीचाच. तरी आयातीत पूर्ण किंमत आणि निर्यातीतही पूर्ण किंमत लागते. समजा १०० युरोचा माल आला, ८ युरोची मजुरी झाली आणि १०८ युरोचा माल गेला. आयात १०० ने फुगली, निर्यात १०८ ने फुगली, देशाच्या पदरात पडले ८.

यात वेळेचीही गफलत होते. मार्चमध्ये आलेला माल ऑगस्टमध्ये गेला तर मार्चला तूट दिसते आणि ऑगस्टला शिलकीची उसळी, प्रत्यक्षात कोणी काही विकलेलेच नसते. आणि माल स्वित्झर्लंडहून येऊन परस्पर तिसऱ्या देशांत गेला, तर स्वित्झर्लंडशी मोठी तूट आणि त्या देशांशी तेवढीच मोठी शिल्लक दिसते. त्यामुळे द्विपक्षीय शिल्लक पाहून 'स्पर्धाक्षमता घटली' असे निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

असे व्यवहार ओळखण्याची सोय नोंदणीत आहे. प्रत्येक नोंदीला व्यवहाराच्या स्वरूपाचा कोड असतो: ११ म्हणजे सरळ विक्री, ४१ आणि ४२ म्हणजे मालकी न बदलता प्रक्रियेसाठी पाठवलेला माल, ५१ आणि ५२ म्हणजे प्रक्रिया झाल्यावर जाणारा माल. ४१ आणि ५१ मध्ये माल मूळ देशाकडे परततो, ४२ आणि ५२ मध्ये परतत नाही. पण तुम्ही उतरवलेल्या फायलींत हा स्तंभ येत नाही.

तिथे 'सांख्यिकी प्रक्रिया' नावाचा स्तंभ असतो, त्यावर विसंबून बरेच जण फसतात. त्यातली 'प्रक्रियेसाठी आवक' ही कस्टम्सची योजना आहे, शुल्क स्थगित ठेवण्यासाठी. जागतिक व्यापार संघटनेतल्या औषध करारामुळे युरोपीय संघ आणि स्वित्झर्लंड दोघांकडेही औषधांवरचे शुल्क शून्य आहे. शुल्कच नाही तर ते स्थगित ठेवण्याची यातायात कोण करेल? म्हणून जॉबवर्कचा मालही तिथे 'सामान्य' म्हणूनच नोंदलेला दिसतो. त्या स्तंभात काही सापडले नाही म्हणजे जॉबवर्क नाही, असा अर्थ घेऊ नका.

माझा सल्ला: दोन मालिका द्या. एक पूर्ण, दुसरी 'प्रकरण ३० गुणिले स्वित्झर्लंड' हा एकच कप्पा दोन्ही बाजूंनी वगळून. प्रकरण ३० सरसकट काढू नका. नोव्हो मेस्तोच्या क्रकासारख्या स्लोव्हेनियन औषध कंपन्यांची पूर्व युरोपला जाणारी निर्यात अस्सल आहे, तीही त्यात वाहून जाईल. तिसऱ्या देशांत परस्पर गेलेला माल या युक्तीने सुटत नाही, हे तक्त्याखाली स्पष्ट लिहा.

आणि सहा अंकी पातळीवर औषधांची सलग मालिका करू नका. २०२२ च्या हार्मोनाइज्ड सिस्टिमने (मालाचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) ३००२ हे शीर्षक आतून बदलले. माणसांच्या लशी ३००२.२० वरून ३००२.४१ वर गेल्या. नुसता कोड जुळवला तर २०२१ नंतर लशींचा व्यापार बंद पडल्यासारखे दिसेल. चार अंकांवर थांबा.

फ्रँकमोजणी:
स्विस आकड्यांबद्दल. दोन्हीकडे मोजायची पद्धतच वेगळी आहे, तेव्हा पूर्ण जुळण्याची अपेक्षा सोडा.

स्लोव्हेनिया निर्यात लावतो ती माल जिथे चालला आहे त्या देशाच्या नावावर. स्वित्झर्लंड आयात लावतो ती मूळ देशाच्या नावावर. ऑस्ट्रियात तयार झालेले औषध ल्युब्लियानाच्या गोदामातून झुरिकला गेले, तर स्लोव्हेनियाच्या वहीत ती स्वित्झर्लंडला निर्यात आणि स्विस वहीत ऑस्ट्रियाकडून आयात. सर्वांत मोठी दरी इथेच पडते. स्विस आकड्यांत लिश्टेनश्टाइनही धरलेला असतो, कारण दोघांचे कस्टम्स क्षेत्र एकच. शिवाय स्विस कस्टम्स दोन बेरजा देते, पहिलीत सोने, मौल्यवान खडे, कलावस्तू नसतात, दुसरीत असतात. कोणती घेतली ते नोंदवा. फ्रँकचे युरो करताना वार्षिक सरासरी नको, त्या-त्या महिन्याचा दर लावा.

आयात विमा-भाड्यासह आणि निर्यात त्याविना मोजतात, हे कारण सगळे आधी पुढे करतात. लाकूड किंवा सिमेंटला ते लागू पडते. औषधांची प्रति किलो किंमत इतकी जास्त असते की वाहतुकीचा वाटा नगण्य ठरतो. तुमच्याकडे किलोचा स्तंभ आहेच, भागून पाहा.

प्रति किलो काढताना २७१६ हे वीजेचे शीर्षक आधी वेगळे करा. वीजेला वजन नसते, तिचे पूरक एकक हजार किलोवॅट-तास. स्लोव्हेनियातल्या क्रश्को अणुवीज केंद्रात क्रोएशियाची निम्मी भागीदारी असल्याने तिकडे जाणारी वीज थोडीथोडकी नाही, आणि ती मिसळली की सरासरी विस्कटते.

तक्तेवाचक:
'टोटल' ओळी बाजूला केल्यावर बेरीज सिस्टॅटशी जवळपास जुळली, थोडा फरक उरला आहे. स्लोव्हेनियाच्या कोपर बंदरामुळे असेल का? आणि व्यवहारतोलाचे काय?

मालहालचाल:
कोपरमधून ऑस्ट्रिया-हंगेरीकडे नुसता पुढे जाणारा माल आकड्यांत येतच नाही. येतो तो कोपरमध्ये कस्टम्स पूर्ण करून, कस्टम्सच्या प्रक्रिया कोड ४२ खाली (वरचा व्यवहाराचा कोड ४२ नव्हे) व्हॅट न भरता, दुसऱ्या सदस्य देशात नेलेला माल. तो युरोपीय संघाच्या हिशेबात कसा धरायचा आणि देशाच्या हिशेबात कसा, यात फरक पडू शकतो, म्हणून दोन्ही स्रोतांच्या पद्धतीविषयक टिपा समोरासमोर ठेवून वाचा. पण त्याआधी उतरवल्याची तारीख तपासा. दोन्हीकडचे मासिक आकडे नंतर सुधारले जातात. एक फाइल मार्चची आणि दुसरी सप्टेंबरची असेल तर तेवढ्यानेच फरक पडतो. दोन्ही एकाच दिवशी पुन्हा उतरवा आणि ती तारीख फाइलच्या नावातच घाला.

व्यवहारतोल आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या बीपीएम ६ या नियमावलीने चालतो, आणि तिथे कसोटी मालकीची. वरच्या उदाहरणातले १०० आणि १०८ दोन्ही गळतात, उरतात ८ युरो, तेही मालात नाही तर सेवांच्या निर्यातीत. उलट स्लोव्हेनियाच्या कंपनीने परदेशात घेऊन परदेशातच विकलेला माल देशाची सीमा न ओलांडताही तिथे मालाच्या खात्यात येतो. त्यामुळे दोन शिलकींतला फरक चूक म्हणून शोधू नका. देशाने काय कमावले हे सांगायचे असेल तर व्यवहारतोल वापरा, कोणता माल कुठून कुठे गेला हे सांगायचे असेल तर कॉमेक्स्ट.

बेरीजवजाबाकी:
एक राहिले. पूर्ण मालिकेचे हंगामी समायोजन (दर वर्षी ठरावीक महिन्यांत होणारे चढउतार काढून टाकणे) करू नका. औषधांच्या मोठ्या खेपा दर वर्षी त्याच महिन्यात येतात असे नाही, आणि सॉफ्टवेअर त्यांतूनही हंगाम शोधून काढते. आधी तो कप्पा वगळा, मग समायोजन करा, आणि वगळलेला भाग तिमाही बेरजेत कच्चाच दाखवा.