दोन हजार वर्षांच्या कोळशासाठी करदात्यांनी पैसे का मोजावेत?

उंटावरचा_शहाणा:
इ.स. ७९ मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि हर्क्युलेनियम या रोमन शहरातल्या एका हवेलीतलं ग्रंथालय कोळसा होऊन गाडलं गेलं. त्यातल्या पपायरसच्या गुंडाळ्या १७५२ पासून सापडू लागल्या. उलगडायला गेलं की भुगा. विद्वानांची अडीचशे वर्षं त्यात गेली. मग मार्च २०२३ मध्ये खासगी देणग्यांवर 'व्हेसुव्हियस चॅलेंज' ही बक्षिसाची स्पर्धा सुरू झाली आणि वर्षाच्या आत एका बंद गुंडाळीतले मजकुराचे १५ स्तंभ वाचता आले. मुख्य बक्षीस ७ लाख डॉलर, म्हणजे पावणेसहा कोटी रुपयांच्या आसपास. मग ग्रीक-रोमन वारशाच्या नावाखाली विद्यापीठांना वर्षानुवर्षं सरकारी पैसा कशाला? काम करून दाखवेल त्याला द्या.

काळी_शाई:
ह्याला आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात. न उलगडता वाचायचं तंत्र केंटकी विद्यापीठाच्या ब्रेंट सील्स यांनी वीसेक वर्षं खपून उभं केलं. २०१५ मध्ये इस्रायलमधल्या एन-गेदीची जळकी हिब्रू गुंडाळी त्यांच्याच तंत्राने वाचली गेली. अमेरिकेच्या सरकारी विज्ञान निधीने त्यांच्या प्रयोगशाळेला १.४ कोटी डॉलर दिले. गुंडाळ्यांचं स्कॅनिंग झालं ब्रिटनच्या 'डायमंड' सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणारं अवाढव्य यंत्र), तेही मुख्यतः सरकारी पैशांचं. आणि तिघे विजेते कोण? बर्लिन, झुरिक आणि नेब्रास्काचे विद्यार्थी!

उंटावरचा_शहाणा:
यंत्रांचं मान्य, पण ते संगणकशास्त्र झालं. मी ग्रीक-लॅटिन विभागांबद्दल विचारतोय. अमेरिकेतल्या हॉवर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये आपला अभिजात भाषांचा विभाग बंद करायचं ठरवलं. गुंडाळी तरी वाचली गेलीच की.

मोडीवाली_मावशी:
दादा, संगणकाने शाई दाखवली, वाचलं माणसांनी. त्या ग्रीकमध्ये शब्दांत जागा सोडत नाहीत, आपल्या मोडीसारखंच. वर अर्धी अक्षरं गळालेली. पहिला शब्द 'पोर्फिरास' (जांभळा) एका विद्यार्थ्याला दिसला, पण तो खरा की भास हे पपायरसतज्ज्ञांनी ठरवलं. असा माणूस तयार व्हायला दहा वर्षं लागतात, आणि त्या दहा वर्षांत दाखवण्यासारखं काहीही नसतं. बक्षीस कशावर देणार? मी मोडी शिकवते. सरकारी दप्तरात रुमाल (कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे) ढिगाने आहेत, वाचणारे हाताच्या बोटांवर. विभाग एकदा मोडला की गुरूच उरत नाही.

कोल्हापुरी_ठेचा:
त्यांचा वारसा, त्यांचे पैसे. आपण का भांडतोय? 😄

काळी_शाई:
तुमच्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीत पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली आहे. ती ओळखायलाही कुणीतरी ग्रीक-रोमन कला शिकलेलं लागतंच ना?

कोल्हापुरी_ठेचा:
टाऊन हॉल म्युझियममध्ये बघितलीय. समुद्रदेव आहे हे आज कळलं.

उंटावरचा_शहाणा:
मावशींचा दहा वर्षांचा मुद्दा पटला. पण मग अट घाला: पैसा शिकवण्याला आणि वाचण्याला, परिषदांच्या विमान तिकिटांना नाही. बाकी त्या गुंडाळीत निघालं काय? बहुधा फिलोडेमस या ग्रीक तत्त्वज्ञाचं लेखन. दुर्मीळ पदार्थ मुबलक पदार्थापेक्षा जास्त सुख देतो का, यावर खल!

मोडीवाली_मावशी:
आणि बक्षीस दिलं तेव्हा तेही जेमतेम पाच टक्के वाचून झालं होतं. विमान तिकिटांचं मात्र सोळा आणे खरं.