मदत हवी आहे : 'बेक्कार' हा शब्द चांगला कधी झाला?

राम राम मंडळी. आम्ही विदर्भातल्या यवतमाळकडचे, दारव्हा तालुक्यातले. परवा आजीनं पाटोडीचा रस्सा केला. माह्या पोट्ट्यानं दोन वाट्या भुरकल्या, नाक पुसलं अन् म्हणाला, "बेक्कार झाला वं आजी!" आजीनं पळीच आपटली. "बेकार झाला त कायले खाऊन राह्यला?" त्याला म्हणायचं होतं, एक नंबर.

शब्द फारसीतला. बे म्हणजे विना, कार म्हणजे काम. आजीच्या तोंडी बेकार म्हणजे रिकामा पोट्टा, नाहीतर पावसात भिजून पिवळा पडलेला कापूस. आमच्या वेळी तो 'खूप' झाला, "बेक्कार ऊन तापून राह्यलं". पण तेव्हाही वाईटाच्याच सोबतीनं. आता थेट कौतुक! अन् कौतुक असलं की 'क' चांगला दाबतात. ('भयंकर सुंदर' शिकलेले लोकही म्हणतात, म्हणून पोट्ट्याला मी बोललो नाही.)

तुमच्याकडे कसं बोलतात? झाडीपट्टीत, भंडारा-गोंदियाकडे? साठीच्या वरच्या कोणी कौतुकानं 'बेक्कार' म्हटलेलं ऐकलं असेल तर वाक्य जसंच्या तसं लिहा, साल अंदाजे चालेल. आजीला पुरावा पाहिजे. तोवर रस्सा बंद आहे.