एक्स-रेत गाठ दिसली, मग सुई कशाला?

निफाडची_वर्षा:
आईची (52) मॅमोग्राफी झाली. रिपोर्टात ‘स्तन दाट, बायरॅड्स 4 (कॅन्सरची शंका किती, त्याची श्रेणी), बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणी) करावी’. आई म्हणते, फोटोत दिसलंय ना, मग परत टोचायचं कशाला? मला उत्तर देता येईना. एक्स-रेला कॅन्सर ओळखू येत नाही का?

फिल्मवाली:
ताई, 19 वर्षं मॅमोग्राफी काढतेय, हा प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो. आपलं मशीन 28 केव्हीच्या (किलोव्होल्ट) आसपास चालतं, कारण इतक्या मऊ, म्हणजे कमी ताकदीच्या, किरणांत चरबी आणि बाकीचा भाग वेगळा उठून दिसतो. चरबी काळपट, दुधाच्या ग्रंथी पांढऱ्या. पण गाठही पांढरीच! दोघी किरण जवळजवळ सारखेच अडवतात. दाट, म्हणजे ग्रंथी जास्त असलेल्या, स्तनात गाठ बघणं म्हणजे दहीभातात खोबऱ्याचा तुकडा शोधणं. म्हणून डॉक्टर काठ बघतात, काटे फुटलेत का. आणि चुन्याचे (कॅल्शियमचे) कण, चिमूटभर मीठ सांडल्यासारखे. शंका येते, खात्री नाही. बायरॅड्स 4 म्हणजे कॅन्सरची शक्यता 2 पासून 95 टक्क्यांपर्यंत कितीही. 4ए (शक्यता कमी) आहे की 4सी (जास्त), विचारून घ्या.

सिंक्रोट्रॉनवाला:
भर घालतो. मॅमोग्राफी म्हणजे सावली. जे किरण आत आपटून थोडे वाकडे निघतात, त्यांच्या नमुन्यात जास्त माहिती असते. कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंवर दर 65 नॅनोमीटरला तीच नक्षी येते; कॅन्सर शिरला की ती घडी विस्कटते. पण हे बहुतेक काढलेल्या तुकड्यांवर मोजलंय. जपूनही राहावं लागतं: 1999 मध्ये ‘नेचर’मध्ये चक्क केसाच्या एक्स-रे नमुन्यावरून स्तनाचा कॅन्सर कळतो असा दावा आला, इतरांनी करून पाहिलं तर जुळेना.

फिल्मवाली:
काढलेल्या तुकड्याचा एक्स-रे तर आम्हीही काढतो. ऑपरेशन चालू असतानाच तुकडा येतो, दोरे बांधलेले: आखूड दोरा वरची बाजू, लांब दोरा बाहेरची. चुन्याचे कण काठापर्यंत गेलेत का, बघून फोन करायचा. तरी शेवटचा शब्द पॅथॉलॉजीचाच, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्यांचा.

निफाडची_वर्षा:
4ए आहे. आईला दहीभात पटला. म्हणे सुई चालेल, पण मॅमोग्राफीच्या त्या फळीत परत दाबून घेणार नाही.

फिल्मवाली:
गाठ सोनोग्राफीत दिसत असेल तर सुई सोनोग्राफीखालीच टाकतात, फळी नको. नुसते कणच असतील तर मात्र दाबावं लागेल, आईंना आधीच सांगून ठेवा.