मदत हवी आहे : पावसाळी धावपट्टीवर वजन पाहावे की फॉर्म?

मी साताऱ्याचा असून पुण्याच्या पावसाळी हंगामातील घोड्यांच्या शर्यतींचा मनापासून अभ्यास करतो. येत्या रविवारच्या १२०० मीटरच्या हँडिकॅप शर्यतीत (जिथे सरस घोड्यावर जास्त वजन देऊन सर्वांना समान संधी दिली जाते) माझे घोडे अडले आहे, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

एका घोड्याने मागील शर्यत कोरड्या धावपट्टीवर सहज जिंकली, पण त्यामुळे रेटिंग (कामगिरीवरून मिळणारे गुण) वाढून आता त्याच्यावर ५९ किलो वजन आले आहे. दुसरा घोडा मागील शर्यतीत चौथा आला असला तरी शेवटच्या २०० मीटरांत तोच सर्वांत वेगाने धावत होता, आणि शिकाऊ जॉकीला (घोडेस्वाराला) मिळणाऱ्या वजनाच्या सवलतीमुळे तो अवघ्या ५१ किलोंवर धावणार आहे. पाऊस असाच राहिला तर मऊ जमिनीत वजन अधिक जाणवेल, म्हणून माझा कल दुसऱ्याकडे आहे. सरावातील वेळांवर मी फारसा विसंबत नाही, कारण घोडा मोकळा सोडला होता की आवरून धरला होता, हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही.

इतक्या कमी अंतरात जॉकीच्या अननुभवाचा तोटा वजनाच्या सवलतीने भरून निघतो का? आणि पहिला घोडा ओल्या धावपट्टीवर कधीच धावला नसेल, तर त्याच्या विजयाला किती महत्त्व द्यावे?