मदत हवी आहे: रूममेटने "घरी सांगू नकोस" म्हणून शपथ घातलीय

नमस्कार. मी एमएस्सीला आहे, होस्टेलवर राहतो. प्रश्न माझ्या रूममेटबद्दल आहे.

मागच्या सेमिस्टरला त्याचे दोन विषय राहिले. "काढतो रे पुढच्या वेळी" म्हणाला, मलाही ते खरं वाटलं. आता महिना झाला. सकाळी गजर वाजतो, तो हात लांबवून बंद करतो आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. रात्री तीन-चारपर्यंत जागा. लॅपटॉपवर प्रोजेक्टची फाईल उघडी असते. परवा डोकावलो तर आठवड्यापूर्वी जे वाक्य अर्धं होतं ते अजून अर्धंच. मी आधी याला आळस समजलो, दोनदा लागेल असं बोललोही. ते आता फार टोचतं.

रविवारी दोघांनी बसून पीएचक्यू-९ (नैराश्याची लक्षणं तपासायची प्रश्नावली) भरली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, एकूण गुण २७. त्याचे १७ आले. हे निदान नव्हे, पण १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं, एवढं माहीत आहे. माझी झोप उडाली ती नवव्या प्रश्नाने. मेलेलं बरं असे विचार येतात का, तिथे त्याने 'काही दिवस' वर खूण केली. मी सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? (असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून धीर केला.) "कधीकधी येतं मनात, पण काही करणार नाही," म्हणाला आणि खूप रडला. मग शपथ घातली.

तेव्हापासून मी रात्री त्याला एकटं सोडत नाही. समुपदेशकांकडे चल म्हटलं तर म्हणतो, "गाइडला कळेल." जिवाला धोका असल्याशिवाय ते कुणाला सांगत नाहीत, हे समजावलं, तर गप्प बसला. शेवटी मीच चौकशी केली, पहिली मोकळी वेळ बारा दिवसांनी आहे. एवढं थांबायची माझी तयारी नाही, थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं असं वाटतंय.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर सांगा, पहिल्यांदा डॉक्टरांकडे जायला कशामुळे तयार झालात? आणि शपथ मोडून त्याच्या आईला फोन करायचा मी जवळजवळ ठरवलंय. आधी त्याला सांगून करू का? काकूंशी बोलताना पहिलं वाक्य काय असावं? आज रात्री उत्तर आलं तरी चालेल, मी जागाच आहे.